गरम चाकांची आंघोळ

प्रेमचंदआप्पा पाटलांना कुणी विचारलं, की तुम्ही काय करता, तर ते शेती सांगतात. शेती आहे हे खरं. केळी आहे, ऊस आहे, थोडा कापूस आहे. पण ती सगळी आता त्यांचा मुलगा ललित बघतो, आणि आप्पांनी मध्ये लुडबूड केलेली त्याला खपत नाही. तापीकाठच्या आठ-दहा गावांत आप्पांना ओळखतात ते चाकांमुळे. कुणाची ट्रॉली जड ओढतेय, कुणाच्या चाकातून घरघर येतेय, की तो माणूस गॅरेजच्या आधी आप्पांच्या खळ्यात येतो. आप्पा जॅक लावून चाक उचलतात, एका हाताने ते फिरवून देतात आणि डोळे मिटून ऐकत बसतात. मग सांगतात, "आतली बेरिंग गेली," नाहीतर, "काही झालेलं नाही, उगाच घाबरलास." या कामाचे त्यांनी कधी पैसे घेतले नाहीत. कौतुक मात्र दोन्ही हातांनी घेतलं, आणि कमी पडलं तर मागूनही घेतलं.

काम होतंच तसं देखणं. आप्पा चाकाच्या मधोमध असलेल्या हबची टोपी काढत, पिन सरळ करून नट सोडत, बेरिंग बाहेर घेऊन डिझेलमध्ये धूत. जुनं ग्रीस पार निघेपर्यंत धूत. मग उन्हात फडक्यावर वाळवून एकेक रोलर डोळ्यासमोर धरून बघत. तळहातावर लिंबाएवढा ग्रीसचा गोळा घ्यायचा आणि बेरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, दुसऱ्या बाजूने ग्रीसचे वळे बाहेर येईपर्यंत. नट आवळायचा, चाक फिरवायचं, आणि पुन्हा नट किंचित मागे घ्यायचा. "वरून पंपाने ग्रीस मारणं म्हणजे तोंड न धुता पावडर लावणं," असं ते येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. हे वाक्य त्यांनी किती वेळा म्हटलं असेल याचा हिशेब नाही, आणि आता ते कुणी म्हटलं तरी आप्पा तिथून उठून जातात.

त्यांच्या बायकोचं नाव वत्सलाबाई. पंचावन्नाच्या आतच तिचे गुडघे गेले. एसटीची पायरी चढणं बंद झालं, तासभर पाय खाली सोडून बसणं बंद झालं. सारंगखेड्याची यात्रा मात्र तिला सोडायची नव्हती. लग्न होऊन आली त्या वर्षापासून मार्गशीर्षात ती घोड्यांच्या बाजारापाशी चार दिवस मुक्काम करत आली होती. तेव्हा आप्पांनी डोकं लढवलं. दोन चाकांची एक जुनी ट्रॉली घेतली, तिच्यावर पत्र्याचं छप्पर चढवलं, दोन खिडक्या पाडल्या, आत एक बाज पक्की बसवली, शेगडीला कोपरा केला, भांड्यांना फळी केली आणि मागे गुडघ्यांना झेपतील अशा बुटक्या पायऱ्या लावल्या. जीपच्या मागे ते जोडलं की झालं. गावाने त्याचं नाव गाडीघर ठेवलं. वत्सलाबाई बाजेवर पाय लांब करून, खिडकीतून केळीच्या बागा बघत सारंगखेड्याला जाऊ लागली. बायका म्हणत, "तुन्ही मजा शे बाई," आणि ती लाजत असे, पण नाही म्हणत नसे.

आता त्यांच्या लोकांत एक चाल आहे. यात्रेला पोचलं की जागा धरायच्या आधी, दत्ताचं दर्शन घ्यायच्याही आधी, गाडी तापीच्या पात्रात घालायची आणि चाकांना आंघोळ घालायची. बैलगाड्या होत्या तेव्हा त्यात शहाणपण होतं. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत लाकडी चाक आक्रसायचं, त्यावरची लोखंडी धाव सैल पडायची. पाण्यात उभं केलं की लाकूड फुगायचं आणि धाव घट्ट बसायची. बैलगाड्या गेल्या, लाकडी चाकं गेली, चाल तेवढी राहिली. ट्रॅक्टर असो, ट्रॉली असो, रस्त्यावरून तापून आलेली चाकं थेट गार पाण्यात. वर हळदीकुंकू. आणि दरवर्षी सगळ्यांत पुढे गाडीघर, कारण आप्पांना पुढे राहायला आवडायचं.

लोखंडी चाकाला हे सोसत नाही. हब तापलेला असतो, आतली हवा फुगलेली असते. तो एकदम गार पाण्यात गेला की हवा आकसते आणि रबरी सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. हे आप्पांना माहीत नव्हतं असं नाही. शहाद्याला बेरिंगचं दुकान असलेल्या जेठमल शेठनी त्यांना चारदा सांगितलं होतं. पण आप्पा यात्रेहून आले की आठवड्याच्या आत दोन्ही चाकं खोलून, धुऊन, नव्याने भरत. त्यामुळे पाणी गेलं तरी कधी भोवलं नाही, आणि जे भोवत नाही ते चुकीचं आहे हे माणसाला पटत नाही.

वत्सलाबाईची इच्छा एकच होती, आणि ती काही मोठी म्हणण्यासारखी नव्हती. जन्म तापीच्या काठावर, सासर तापीच्या काठावर. मुलगी मयूरी दिली ती सुरतला, तीही तापीच्याच काठावर. "हाई पानी जास कोठे, ते एकदाव देखानं शे मले," असं ती म्हणायची. मयूरीच्या घरापासून समुद्र तासाभरावर. नदी तिथे संपते. वत्सलाबाईने समुद्र पाहिलेला नव्हता. आप्पांनी शब्द दिला, की पुढच्या यात्रेनंतर गाडीघर घेऊन थेट समुद्रापर्यंत जायचं.

त्याला आता चार वर्षं झाली. त्या वर्षी यात्रेहून परत आले तेव्हा ऊसतोड जोरात होती आणि आप्पांच्या खळ्यात ट्रॉल्यांची रांग लागली होती. सकाळी एक, दुपारी दोन. लोक हातात हात घेत, चारचौघांत सांगत, की आप्पांसारखा हात जिल्ह्यात नाही. आप्पा फुलून गेले. अकरा ट्रॉल्यांची चाकं त्यांनी खोलली, आणि खळ्याच्या कडेला उभ्या असलेल्या गाडीघराची खोलली नाहीत. उद्या करू, परवा करू, असं महिनाभर चाललं. निघायच्या आधी दुसऱ्याच्या ट्रॉलीसाठी सील आणायला शहाद्याला गेले तेव्हा जेठमल शेठनी विचारलं, "आप्पा, गाडीघरनं चाक खोलं का? गरम चाक पानीमा घालं व्हतं तुम्ही. खोलीसन देखी ल्या."

"मी भरेल ग्रीस शे ते, शेठ," आप्पा हसून म्हणाले. "दोन वरीस हात लावानं काम नही." आणि घरी येऊन त्यांनी दोन्ही हबना पंपाने वरून चार-चार झटके ग्रीस मारलं.

वत्सलाबाई तीन दिवस बांधाबांध करत होती. गव्हाच्या पिठाचा डबा, ज्वारीच्या वाळवलेल्या बिबड्या, लोणच्याच्या दोन बरण्या, नातवासाठी शिवलेली गोधडी, मयूरीने मागितलेला दगडी खलबत्ता. आई मुलीच्या घरी निघाली की जेवढं नेते तेवढंच होतं ते. गाडीघर त्याच्या चौपट ओझं हसत पेलत असे. आप्पांनी स्वतःच्या हाताने सगळं चढवलं आणि एका शब्दाने जड म्हटलं नाही.

सकाळी निघाले. नंदुरबार मागे पडलं. विसरवाडीच्या अलीकडे वत्सलाबाईला जळका वास आला. तिने पत्र्यावर उलथन्याने ठोकलं. पुढे जीपमध्ये आप्पांना तो आवाज ऐकू आला, पण त्यांना वाटलं, भांडी वाजताहेत. ती ठोकत राहिली. ते दोन-तीन किलोमीटर तसेच गेले. मग मागे कर्कश ओरडल्यासारखा आवाज झाला, गाडीघर एका अंगाला कललं आणि रस्त्यावर घासत थांबलं. आप्पा धावत मागे आले तेव्हा डाव्या चाकातून धूर येत होता आणि वत्सलाबाई बाजेचा खूर धरून बसली होती. तिला काही लागलं नव्हतं. चाक मात्र तिरकं झालं होतं आणि बेरिंग धुऱ्याला चिकटून बसली होती.

समोरच्या हॉटेलातली माणसं जमली. दोन ट्रकवाले थांबले. चाकाभोवती माणसांचं कडं झालं, आणि आप्पा त्या कड्याच्या मध्ये उभे. आयुष्यभर लोकांनी ज्यांना चाक दाखवलं, त्यांचंच चाक सगळ्यांसमोर असं पडलेलं. त्यांचा चेहरा उतरला. हॉटेलवाल्याने सहज विचारलं, "वजन जास्त झालं का काका?"

आप्पांनी तो शब्द पकडला. बुडणाऱ्याने काहीही पकडावं तसा पकडला. "तर काय!" ते मोठ्याने म्हणाले. "घरवालीनी अर्धं घर भरी लयेल शे. मी सांगस तिले, पन आयकी कोन?" आणि तेवढ्यावर न थांबता त्यांनी पिठाचा डबा उचलून रस्त्याच्या कडेला आपटला. झाकण उघडलं, थोडं पीठ मातीत सांडलं. ट्रकवाले हसले. बायकांचं असंच असतं, असं कुणीतरी म्हणालं.

वत्सलाबाई त्या बुटक्या पायऱ्यांवरून एकेक करत खाली उतरली. आपल्या हाताने बरण्या खाली ठेवल्या, गोधडी ठेवली, खलबत्ता दोन्ही हातांनी कसाबसा उचलून ठेवला. मग पदराने हात पुसत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मन्हंच चुकनं. इतलं भरानं नही व्हतं." नवऱ्याची लाज तिने अशी चारचौघांत आपल्या अंगावर घेतली, आणि नवऱ्याने ती घेऊ दिली.

ललितने ट्रॅक्टर-ट्रॉली आणून गाडीघर तिच्यावर चढवून घरी आणलं. दुसऱ्या दिवशी खळ्यात बसून आप्पांनी उजवं, धड राहिलेलं चाक खोललं. टोपी काढताच त्यांचा हात थांबला. आतलं ग्रीस पांढुरकं झालं होतं, ताकासारखं पातळ. रोलरवर तांबूस गंज. तापीचं पाणी महिनाभर आत बसून होतं. डाव्या चाकात हेच झालं होतं, यात शंकेला जागा नव्हती. वजनाचा काही संबंध नव्हता. पिठाच्या डब्याचा नव्हता, खलबत्त्याचा नव्हता. चाक मोडलं होतं ते आप्पांच्या आळसाने आणि त्यांच्या घमेंडीने.

इतक्यात वत्सलाबाई चहा घेऊन आली. आप्पांनी बेरिंग ठेवलेल्या परातीवर गोणपाट टाकलं.

"जास्त बिघडनं का हो?" तिने विचारलं.

"वझं सहन नही व्हयनं तिले," आप्पा म्हणाले.

ती कप ठेवून गेली. आप्पांनी त्या बेरिंगा भंगारवाल्याच्या पोत्यात टाकल्या, आणि तो येऊन घेऊनही गेला. रस्त्यावर जे बोलले ते रागाच्या भरात, अपमानाच्या भरात बोलले. ते एखादा माणूस माफ करू शकतो. पण खळ्यातलं हे बोलणं थंड डोक्याने होतं. समोर दुसरं कुणी नव्हतं, लाज राखायची नव्हती, फक्त बायको होती, चहा घेऊन आलेली. एवढं वाक्य गिळता आलं असतं. आप्पा आजही दिवसातून कितीदा तरी त्या वाक्यापाशी येऊन थांबतात.

नवी बेरिंग बसली, गाडीघर पुन्हा चालू झालं. बदलली ती वत्सलाबाई. पुढच्या यात्रेला तिने दोन भांडी, एक चादर आणि एक तवा काढला. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तोलायची आणि विचारायची, "हाई चाली का? जास्त वझं ते नही ना?" दत्ताला वाहायचा नारळसुद्धा तिने असा विचारून घेतला. आप्पा "घे, घे" म्हणत. समुद्राचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. मयूरी फोनवर म्हणायची, आगगाडीने ये, आम्ही स्टेशनवर खुर्ची आणू, तुला उचलून नेऊ. तर ती म्हणायची, "ऱ्हाऊ दे बेटा. मी जठे जास तठे वझं व्हस." हसून म्हणायची. हसून म्हटलेलं असलं, की ऐकणाऱ्याला उत्तर देता येत नाही.

सांगावं असं आप्पांना अनेकदा वाटलं. पण आज नको, उद्या. चाकाच्या बाबतीत केलं तेच इथेही केलं. आणि दिवस जसजसे गेले तसतसं सांगणं अवघड होत गेलं, कारण आता नुसतं चाकाचं सांगायचं नव्हतं, इतके दिवस गप्प का राहिलात तेही सांगावं लागणार होतं.

गेल्या चैत्रात वत्सलाबाईने अंथरूण धरलं. हृदय थकलंय, पाय सुजतात, असं डॉक्टरांनी सांगितलं. मयूरी सुरतेहून मोठी गाडी घेऊनच आली. मागची सीट पाडून गादी घातली होती. तिने डॉक्टरांना विचारलं होतं. सावकाश नेलं तर चालेल, पण न्यायचं तर याच आठवड्यात न्या, असं ते म्हणाले होते. "माय, चल. समुद्र देखाडस तुले," मयूरी म्हणाली.

वत्सलाबाईने मान हलवली. "तुन्हीबी गाडी मोडी जाई बेटा. मन्हं वझं वाईट शे."

दारात उभ्या असलेल्या आप्पांनी ते ऐकलं. त्या दुपारी मयूरी स्वयंपाकघरात असताना ते बाजेपाशी येऊन बसले आणि एकदाचं बोलले. "मयूरीनी माय, ती गाडी तुन्हा वझामुये नही मोडनी. चाकमा पानी जायेल व्हतं. यात्रामा आंघोय घाली ना आपन, तेच पानी. शेठनी मले सांगेल व्हतं, खोलीसन देखा म्हनीसन. मी देखंच नही. चूक मन्ही व्हती. दुसरे दिवस मी डोयाघाई देखं, तरी तुले खोटं सांगं." चार वर्षांचं साठलेलं होतं ते.

वत्सलाबाईने त्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. तिच्या चेहऱ्यावर इतकी माया होती, की आप्पांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. मग ती म्हणाली, "मी समुद्रवर जावाले हो म्हनू, म्हनीसन सांगी ऱ्हायनात ना तुम्ही?"

"नही. खरं सांगस."

"मन्हं मन राखाकरता कितलं करतस तुम्ही," ती म्हणाली आणि तिने त्यांच्या हातावर हात ठेवला. "भला मानूस शेतस. पन मले मालूम शे. वझं मन्हंच व्हतं."

आप्पांनी शपथ घेतली. तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला, की माझ्यासाठी खोटी शपथ घेऊ नका. दाखवायला बेरिंगही राहिलेली नव्हती. आप्पा तसेच उठले, जीप काढली आणि शहाद्याहून जेठमल शेठना घेऊन आले. ऐंशीला टेकलेले शेठ, दम लागलेला, पण दुकान तसंच सोडून आले. बाजेपाशी बसून त्यांनी सगळं सांगितलं. गरम चाकाचं, पाण्याचं, आपण काय बजावलं होतं आणि आप्पा काय म्हणाले होते, शब्दन् शब्द.

वत्सलाबाईने डोक्यावरचा पदर नीट केला आणि ऐकून घेतलं. शेठ बोलायचे थांबल्यावर ती म्हणाली, "शेठजी, यासनी सांगं म्हनीसन उनात ना तुम्ही? इतल्या उन्हमा?" तिचे डोळे भरून आले होते. "इतला भला मानूस मले भेटना. आनी मी त्यासनी गाडी मोडी टाकी."

शेठनी आप्पांकडे पाहिलं. मग हात जोडून ते बाजेपासून उठले.

मयूरीची गाडी अंगणात चार दिवस उभी राहिली. पाचव्या दिवशी सकाळी वत्सलाबाई गेली.

दारावर बसायला, सांत्वनाला, गावोगावची माणसं आली. ओसरीवर पुरुष, आत बायका, मध्ये मयूरी. कुणी आईचं काही विचारलं की ती एकच गोष्ट सांगे. "माय शेवटलोंग एकच सांगे, 'तुन्हा बापनं मन कितलं मोठं शे देख. चूक मन्ही, आनी ते चार वरीस झायात तरी सोतावर लेतस. शेठलेबी बलाई लयनात, मन्हाकरता.'" बायका डोळ्यांना पदर लावत. पुरुष आप्पांकडे बघून माना हलवत, की असा नवरा मिळायला नशीब लागतं.

दोनदा आप्पांनी खरं सांगायला तोंड उघडलं. पहिल्यांदा मयूरी येऊन त्यांच्या पाठीवर हात फिरवू लागली, "आप्पा, आते पुरे ना." दुसऱ्यांदा शेजारच्या इंद्रसिंगनी त्यांचा हात दाबला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. मग आप्पा खाली मान घालून बसले. लोकांना तेही त्यांच्या मोठ्या मनाचंच लक्षण वाटलं.